मातीचे फुगणे-आकसणे कसे मोजतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मातीच्या फुगण्याचा आकडा मागणाऱ्यांची कामे वेगवेगळी असतात. एकाला पाया घालायचा असतो, दुसऱ्याला कालव्याचे अस्तर टिकवायचे असते, तिसऱ्याला जमिनींचा नकाशा करायचा असतो, तर चौथ्याला दिलेले पाणी मुळांशी राहते की भेगेतून थेट खाली जाते हे पाहायचे असते. प्रश्न सगळे एकच विचारतात, ‘ही माती किती फुगते?’ पण कोणत्या ओलाव्यापासून कोणत्या ओलाव्यापर्यंत आणि किती वजनाखाली, हे ठरल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नाही. खालची बहुतेक उत्तरे याच मुद्द्याशी येऊन थांबतात.

माती पाणी पिऊन फुगते तेव्हा आत काय घडते?

फुगते ती मातीतली चिकण, आणि तीही सगळी नाही. मुख्य वाटा स्मेक्टाइट गटातल्या खनिजांचा, विशेषतः मॉन्टमोरिलोनाइटचा. त्यांचे कण जेमतेम १ नॅनोमीटर जाडीच्या थरांचे बनलेले असतात. थरांवर ऋण प्रभार असतो आणि तो भागवायला दोन थरांच्या मधे कॅल्शियम, मॅग्नेशियम किंवा सोडियमचे आयन बसलेले असतात. पाणी आले की ते या आयनांभोवती गोळा होते आणि थर दूर सरतात. एका थराच्या तळापासून पुढच्या थराच्या तळापर्यंतचे अंतर कोरडेपणी सुमारे १ नॅनोमीटर असते. कॅल्शियम असेल तर पाण्यात ते १.९ नॅनोमीटरच्या आसपास जाऊन थांबते. सोडियम असेल आणि पाण्यात क्षार कमी असतील, तर हे अंतर ४ नॅनोमीटरच्याही पुढे जाते. सोडियमयुक्त बेंटोनाइट (मुख्यतः मॉन्टमोरिलोनाइटचा बनलेला चिकण खडक) पाण्यात एवढा प्रचंड का फुगतो, याचे कारण इथे आहे.

मात्र शेतातल्या मातीचे फुगणे केवळ थराथरांतले नसते. थरांचे जे जुडगे असतात त्यांच्यामधल्या बारीक पोकळ्याही पाणी घेऊन रुंदावतात आणि एकूण फुगण्यात त्यांचा वाटा मोठा असतो. म्हणून नुसते खनिज ओळखून काम भागत नाही, प्रत्यक्ष माती मोजावी लागते.

पृष्ठभागाचा एक आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. एक ग्रॅम स्मेक्टाइटचा आतला-बाहेरचा मिळून पृष्ठभाग ७०० ते ८०० चौरस मीटर भरतो, तर केओलिनाइट या दुसऱ्या चिकण खनिजाचा १० ते २०. दोन्ही चिकणच, पण दुसरी क्वचितच त्रास देते.

रंग काळा असेल तर माती फुगणारी समजावी का?

नाही. दख्खनचे पठार, सुदानमधला गेझिरा, पूर्व ऑस्ट्रेलिया आणि टेक्सास इथल्या नावाजलेल्या फुगणाऱ्या जमिनी गडद रंगाच्या आहेत, म्हणून हा समज पसरला. पण लंडनखालची निळसर-करडी आणि तपकिरी चिकणही फुगते-आकसते. १९७६ च्या दुष्काळात इंग्लंडमधल्या घरांना त्यामुळे मोठ्या प्रमाणावर तडे गेले. उलट सेंद्रिय पदार्थामुळे काळी दिसणारी माती चिकण नसेल तर पाण्याने फारशी फुगत नाही. रंगापेक्षा जमिनीच्या खुणा पाहा: सुकल्यावर पडणाऱ्या रुंद, खोल भेगा, खड्डा खणल्यावर दिसणारे तिरपे, घासून गुळगुळीत झालेले चकचकीत पृष्ठभाग, आणि मैदानावर एकाआड एक दिसणारे उंचवटे व खळगे. चकचकीत पृष्ठभाग ही खात्रीची खूण. फुगताना जागा न मिळाल्याने मातीचे मोठे तुकडे एकमेकांवर सरकले, याचा तो पुरावा असतो.

‘मोजणे’ म्हणजे नक्की काय मोजणे?

तीन वेगळ्या गोष्टी. पहिली, लांबी किंवा घनफळ किती बदलले. दुसरी, फुगू दिले नाही तर माती किती दाब देते. तिसरी, प्रत्यक्ष जमीन वर्षभरात किती वर-खाली झाली. पहिलीवरून दुसरीचा नुसता अंदाज येतो, आणि पहिल्या दोन हातात असूनही तिसरी आपोआप कळत नाही.

प्रयोगशाळा जवळ नाही. साध्या साधनांनी काही कळेल का?

बरेच कळेल. १९७६ साली शेफर आणि सिंगर यांनी मांडलेली कांडीची पद्धत यासाठी उत्तम आहे. माती २ मिलिमीटरच्या चाळणीतून गाळा, पाणी घालून घट्टसर लगदा करा आणि रात्रभर झाकून ठेवा, म्हणजे पाणी आतपर्यंत मुरते. सुई नसलेल्या मोठ्या सिरिंजचे तोंड असे कापा की भोक सुमारे १ सेंटीमीटर राहील. त्यातून ६ ते १० सेंटीमीटर लांबीच्या कांड्या तेलाचा हात फिरवलेल्या काचेवर काढा, टोके पात्याने सरळ कापा आणि लगेच लांबी मोजा. सावलीत एक-दोन दिवस सुकवून पुन्हा मोजा.

कांडी ८ सेंटीमीटरची ७ झाली, तर कोरड्या लांबीच्या मानाने फरक १/७, म्हणजे सुमारे ०.१४. पण हाच फरक ओल्या लांबीच्या मानाने काढला तर १/८, म्हणजे १२.५ टक्के. मृदाशास्त्रात कोरड्या लांबीने भागतात, तर अभियांत्रिकीतल्या रेषीय आकुंचनात ओल्या. एकाच कांडीतून निघालेले हे दोन आकडे वेगवेगळ्या मातींचे आहेत असे समजून झालेले वाद पाहिले की वाईट वाटते. भागले कशाने, ते आकड्याशेजारी लिहाच.

कांडीचा आकडा ढेकळाच्या आकड्यापेक्षा साधारणपणे मोठा येतो. मळताना मातीची मूळ घडण मोडते आणि सुरुवातही जास्त ओल्या अवस्थेपासून होते. मातींची आपापसात तुलना करायला तो चांगला, जमिनीची हालचाल काढायला नाही.

फ्री स्वेल इंडेक्सची चाचणी कशी करतात?

वर वजन नसताना सुटी माती पाण्यात किती टक्के फुगते, त्याचा हा आकडा. भारतीय मानक २७२० च्या ४० व्या भागात ही चाचणी दिली आहे, आणि ती फार वेळा केली जाते. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली, ओव्हनमध्ये सुकवलेली माती १०-१० ग्रॅम घ्यायची. १०० मिलिलिटरच्या दोन मोजनळ्या घ्यायच्या, एकीत डिस्टिल्ड पाणी, दुसरीत केरोसीन. माती टाकून काचेच्या कांडीने हलक्या हाताने ढवळायचे, अडकलेली हवा बाहेर काढायची आणि किमान २४ तास ठेवायचे. केरोसीनचे रेणू ध्रुवीय नसल्यामुळे चिकण त्यात फुगत नाही. म्हणून तिथले घनफळ हा तुलनेचा पाया.

पाण्यात २७ आणि केरोसीनमध्ये १२ मिलिलिटर भरले, तर फरक १५, त्याला १२ ने भागले की १२५ टक्के. भारतीय मानक १४९८ नुसार ५० च्या खाली फुगणे कमी, ५० ते १०० मध्यम, १०० ते २०० जास्त आणि २०० च्या वर अतिजास्त. ही माती ‘जास्त’मध्ये बसते.

चाचणी सोपी दिसते, पण नळीजवळ बसून पाहिले की हाताचे काम किती आहे ते कळते. पाण्यात टाकलेली माती पहिली काही मिनिटे बुडबुडे सोडत राहते. ते निघून जाण्याआधी नळी बाजूला ठेवली, तर हवा गाळातच अडकते आणि घनफळ फुगवून दाखवते. गाळाचा वरचा भाग दुसऱ्या दिवशीही ढगासारखा विरळ असेल, तर रेघ कुठे धरायची याबद्दल दोन माणसांचे एकमत होत नाही. अशा वेळी २४ तासांवर अडून न बसता गाळ स्थिर होऊ द्यावा. बेंटोनाइटसारखा नमुना असेल तर माती ५ ग्रॅमच घ्यावी किंवा २५० मिलिलिटरची नळी वापरावी.

माझा फ्री स्वेल इंडेक्स ऋण आला. चाचणी चुकली का?

बहुधा नाही. केओलिनाइट जास्त असलेल्या मातीत असे होते. केरोसीनमध्ये तिचे कण एकमेकांना चिकटून सैल, पोकळ रचना करतात, त्यामुळे तिथला गाळ पाण्यातल्यापेक्षा उंच बसतो. श्रीधरन आणि प्रकाश यांनी म्हणूनच वजाबाकीऐवजी सरळ गुणोत्तर वापरायला सुचवले: पाण्यातले घनफळ भागिले केरोसीनमधले. १ किंवा त्याहून कमी आले तर माती न फुगणारी, १.५ च्या वर गेले की सावध व्हावे, ४ च्या वर गेले तर अतिशय फुगणारी. वरच्या उदाहरणात ते २.२५ येते. गुणोत्तरावरून खनिजाचाही अंदाज येतो, म्हणून मला ते अधिक आवडते.

ढेकळाची पद्धत काय असते, आणि तिला इतका मान का?

कारण तिच्यात मातीची घडण शाबूत राहते. खड्ड्याच्या भिंतीतून मुठीएवढे ढेकूळ हलकेच सोडवतात, जाळीत बांधून सरान नावाच्या रेझिनच्या द्रावणात बुडवतात. सुकल्यावर त्यावर पातळ, लवचिक लेप बसतो. ढेकूळ आकसले की लेपही बरोबर आकसतो. मग एक बाजू कापून सपाट करतात, तिथून पाणी पाजतात आणि ३३ किलोपास्कल ताणाला (माती पाणी तेवढ्या ओढीने धरून ठेवते त्या ओलाव्याला) स्थिर करतात. शेतकरी ज्याला वापसा म्हणतात, साधारण त्याच्या आसपासची ही अवस्था. या अवस्थेत ढेकूळ हवेत आणि पाण्यात टांगून तोलतात. वजनातल्या फरकावरून आर्किमिडीजच्या नियमाने घनफळ मिळते. त्यानंतर १०५ अंश सेल्सिअसला ओव्हनमध्ये सुकवून पुन्हा तसेच दोनदा तोलतात. लेपाचे वजनही ओव्हनमध्ये थोडे घटते आणि ढेकळात खडे असतील तर त्यांचे घनफळ वजा करावे लागते. या दोन दुरुस्त्या विसरू नयेत.

समजा वापशाला स्थूल घनता (पोकळ्यांसकट घनफळावर काढलेली) १.२५ ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर आली आणि ओव्हनमध्ये सुकल्यावर १.७०. भागाकार १.३६, म्हणजे घनफळात ३६ टक्क्यांचा फरक. त्याचे घनमूळ १.१०८, त्यातून १ वजा केला की ०.१०८. याचा अर्थ, कोरड्या मातीच्या दर मीटर लांबीमागे जवळपास ११ सेंटीमीटर वाढ. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या वर्गवारीत ३ टक्क्यांखाली कमी, ३ ते ६ मध्यम, ६ ते ९ जास्त, ९ आणि त्यावर अतिजास्त.

श्रिंकेज लिमिटसाठी पारा वापरावाच लागतो का?

आता नाही, आणि वापरू नये. आल्बर्ट आटरबर्ग या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९११ मध्ये मातीच्या ओलाव्याच्या मर्यादा मांडल्या, त्यातली ही एक: ज्या ओलाव्याच्या खाली माती सुकत राहते पण आकसत नाही, ती सीमा. वाळलेल्या वडीचे घनफळ काढायला अनेक वर्षे ती पाऱ्यात बुडवत आणि सांडलेला पारा मोजत. पाऱ्याची वाफ विषारी असते. अमेरिकन मानक संस्थेने पाऱ्याची पद्धत २००८ मध्ये मागे घेतली; वडीवर मेणाचा लेप देऊन पाण्यात तोलण्याची पद्धत तिच्या जागी आहे. ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेने तर वाळत्या नमुन्याला हातही न लावता लेसरने त्याचे माप घेणारे उपकरण तयार केले.

रेषीय आकुंचनाच्या साच्यात माती कमानीसारखी वाकते. काय करावे?

घाईने सुकवल्याचा तो परिणाम. १४० मिलिमीटर लांबीच्या अर्धगोल साच्यात लिक्विड लिमिटच्या (ज्या ओलाव्याला माती पातळ होऊन वाहू लागते त्या सीमेच्या) जवळ ओली केलेली माती भरली की आधी सावलीत, मग ६० ते ६५ अंशांना आणि माती साच्यापासून सुटल्यावरच १०५ अंशांना न्यावी. साच्याला आतून ग्रीस नीट लावावे. पट्टी तरीही वाकली, तर वरच्या आणि खालच्या कडेची लांबी मोजून सरासरी घ्यावी. तुकडे झाले तर ते जुळवून मोजावेत.

फुगण्याचा दाब मोजायच्या तीन पद्धती आहेत आणि तिन्हींचे आकडे वेगळे येतात. असे का?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून सविस्तर सांगतो. नमुना कन्सॉलिडोमीटरच्या (मातीवर वजन देऊन तिच्या जाडीतला बदल पाहण्याच्या यंत्राच्या) कड्यात बसवतात, खाली-वर सच्छिद्र दगड आणि वर तो बदल दाखवणारे डायल गेज असते. इथून पुढे तीन वाटा फुटतात.

पहिल्या वाटेने, बारीकशा वजनाखाली पाणी देऊन माती पूर्ण फुगू देतात आणि मग वजन वाढवत तिला मूळ जाडीवर आणतात. त्यासाठी लागलेला दाब म्हणजे उत्तर. दुसऱ्या वाटेने फुगूच देत नाहीत. गेजचा काटा हलला की लगेच वजन वाढवून त्याला शून्यावर आणतात. काटा हलायचा थांबतो तो दाब धरतात. तिसऱ्या वाटेने एकसारखे अनेक नमुने वेगवेगळ्या वजनांखाली भिजवतात. हलक्या वजनाखालचे फुगतात, जडाखालचे दबतात, आणि ज्या दाबाला यातले काहीच होत नाही तो आलेखावरून काढतात.

साधारणपणे पहिल्या वाटेचा आकडा सर्वांत मोठा, तिसरीचा सर्वांत लहान आणि दुसरीचा मधे येतो. पहिल्या वाटेत माती आधी फुगून नवी रचना घेते, भरपूर पाणी शोषते. ते पाणी पुन्हा पिळून काढायला, कड्याच्या घर्षणाला तोंड द्यायला जास्तीचा दाब लागतो. तिसऱ्या वाटेत वजन आधी येते आणि पाणी नंतर. इमारतीखालच्या जमिनीतही बहुधा हाच क्रम असतो, म्हणून कामाच्या दृष्टीने मी तिसऱ्या वाटेला जास्त वजन देईन, जरी तिला नमुने जास्त लागतात आणि ते खरोखर एकसारखे मिळवणे अवघड असते. दुसऱ्या वाटेत यंत्राची स्वतःची लवचिकता दाबाचा काही भाग खाऊन जाते. सांगाडा आणि दगड किंचित दबले तरी मातीला तेवढी जागा मिळते आणि दाब कमी दिसतो. त्यासाठी मातीच्या जागी पोलादी चकती ठेवून यंत्राची दबण आधी मोजून ठेवावी.

पद्धत कोणतीही असो, सुरुवातीची घनता आणि ओलावा निर्णायक. तीच माती जितकी दाट ठोकलेली आणि जितकी कोरडी, तितका दाब जास्त. तो काही दहा किलोपास्कलपासून कित्येकशे किलोपास्कलपर्यंत असू शकतो. हलक्या इमारतीच्या पायाखालचा दाब अनेकदा त्याहून कमी असतो, म्हणून अशा मातीवर जड इमारतींपेक्षा हलक्या भिंती, फरशा, रस्ते आणि कालव्यांची अस्तरे आधी तडकतात.

माती जितके पाणी गमावते तितकीच आकसते का?

वाळण्याच्या एका टप्प्यात हो, सगळ्यांत नाही. मृदाशास्त्रज्ञ हेन्स यांनी १९२३ मध्ये यातले मुख्य टप्पे दाखवले. अगदी ओल्या, घडण असलेल्या मातीतून आधी मोठ्या पोकळ्यांतले पाणी निघते, तेव्हा घनफळ फारसे घटत नाही. मग मधला लांब टप्पा येतो. त्यात जितके पाणी गेले तितकेच घनफळ कमी होते, कारण पोकळ्यांत हवा शिरतच नाही. पुढे हवा शिरू लागते आणि आकुंचन मंदावते. शेवटी पाणी जात राहते आणि माती जागची हलत नाही. एकाच ढेकळाचे वजन आणि घनफळ वाळता वाळता अनेकदा मोजून आलेख काढला, तर सुरुवात आणि शेवट एवढ्या दोनच मोजण्यांत न दिसणारे हे सगळे समोर येते. वेळ असेल तर हा आलेख काढाच.

शेतात, जागेवर मोजायचे तर?

वेगवेगळ्या खोलीवर, उदाहरणार्थ पाव, अर्धा, एक आणि दोन मीटरवर टेकवलेल्या पोलादी सळया लावतात. प्रत्येक सळई नळीत मोकळी असावी, नाहीतर वरची माती तिला घेऊन हलते. त्यांची उंची लेव्हलने अशा खुणेच्या मानाने घेतात की जी हंगामी ओलाव्याच्या पलीकडे, खोल रोवलेली आहे. ही खूण उथळ असेल तर तीच जमिनीबरोबर वर-खाली होते आणि सगळी मोजणी वाया जाते. भेगांची रुंदी पट्टीने, खोली बारीक तारेने मोजतात. तार वळणावर अडते, म्हणून तारेची खोली ही ‘किमान’ समजावी.

जमीन किती खचली यावरून भेगांचा अंदाजही येतो. संशोधक ब्रोन्सवेक यांनी त्यासाठी एक साधे समीकरण वापरले. माती तिन्ही दिशांना सारखीच आकसते असे धरले, आणि १ मीटरचा थर ४ सेंटीमीटरने खचला, तर उरलेले घनफळ ०.९६ चा घन, म्हणजे ०.८८५. एकूण घट ११.५ टक्के. त्यातले ४ टक्के खचण्यात दिसले, उरलेले ७.५ टक्के भेगांत आहेत. दर चौरस मीटरखाली सुमारे ७५ लिटर पोकळी! पहिल्या पावसाचे किंवा पाटाचे पाणी जमीन वरून कोरडी असतानाच खोल कसे पोचते, ते यावरून दिसते.

ढेकळाचा आकडा ११ टक्के आहे. म्हणजे माझी जमीन मीटरमागे ११ सेंटीमीटर उचलेल?

नाही. ११ टक्के हा वापशापासून ओव्हनपर्यंतचा पल्ला आहे आणि शेतातली माती ओव्हनइतकी कधीच सुकत नाही. खोलीवर ओलावा वर्षभर फार कमी बदलतो. वरच्या मातीचे आणि इमारतीचे वजन फुगण्याला आवरते. शिवाय फुगण्यातला बराच भाग आधी भेगा बुजवण्यात खर्च होतो. ऑस्ट्रेलियात यासाठी न मोडलेल्या गाभ्याचे (जमिनीतून अखंड काढलेल्या नमुन्याचे) दोन भाग करतात. एक मोकळा सुकवून आकुंचन मोजतात, दुसरा वजनाखाली भिजवून फुगणे. फुगणे कड्यात बंदिस्त असते म्हणून त्याचा निम्माच भाग धरतात, आकुंचनात मिळवतात आणि १.८ ने भागतात. मिळालेला निर्देशांक आणि खोलीगणिक बदलणारा ओलाव्याचा ताण यांवरून पृष्ठभागाची हालचाल काढतात. २० मिलिमीटरपर्यंतची जागा किंचित हलणारी, ४० पर्यंत मध्यम आणि ७५ च्या वर टोकाची मानली जाते.

नमुना कधी आणि कसा घ्यावा?

फुगणे पाहायचे तर कोरड्या हंगामाच्या शेवटी, आकुंचन पाहायचे तर ओल टिकून असताना. शक्य असेल तर दोन्ही वेळा. न मोडलेला नमुना लगेच मेणाने किंवा प्लॅस्टिकने बंद करावा, कारण गाडीत एक दुपार उघडा राहिला तरी त्याचा ओलावा बदलतो. मोठ्या झाडाजवळचा आणि गळक्या नळाजवळचा नमुना वेगळा नोंदवावा. खोली सेंटीमीटरमध्ये लिहावी, ‘वरचा’ आणि ‘खालचा’ असे लिहू नये.

दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नाहीत. कोणाचा खरा मानायचा?

बहुतेक वेळा दोन्ही खरे असतात. दोघींना हेच विचारा: नमुना मूळ घडणीचा होता की चाळलेला? सुरुवातीचा ओलावा आणि कोरडी घनता किती होती? पाणी देताना वर किती किलोपास्कल होते? पाणी डिस्टिल्ड होते की नळाचे? क्षारांच्या पाण्यात सोडियमयुक्त चिकण कमी फुगते, त्यामुळे एवढ्यानेही फरक पडतो. काटा थांबेपर्यंत वाट पाहिली की २४ तासांनी चाचणी थांबवली? दाट चिकणीला फुगणे पूर्ण करायला कित्येक दिवस लागू शकतात. आणि टक्के काढताना भागले कशाने? उत्तरे मिळाल्यावर तुमच्या जागेवर जे घडणार आहे, त्याच्याशी ज्या चाचणीचा ओलावा आणि वजन जास्त जुळते, तिचा आकडा घ्या. यांपैकी एकही नोंद अहवालात नसेल, तर तो आकडा पायाच्या आराखड्यात वापरू नका. चाचणी पुन्हा करून घ्या.